मुंबई मॅरेथॉनचा शेवटचा आठवडा : नवरा-बायको दोघेही धावणार असतील तेव्हा

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते, म्हणजे ती १५ ते २१ जानेवारी यांपैकी कोणत्या तरी तारखेला येते. मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला असते. त्यामुळे मराठी घरातल्या धावपटूंचा शेवटचा आठवडा आणि भोगी, संक्रांत, हळदीकुंकू यांची गडबड दरवर्षी एकमेकांत मिसळते. २०२३ साली तर स्पर्धा आणि संक्रांत दोन्ही १५ जानेवारीलाच होत्या. घरातले एकच माणूस धावणार असेल तर दुसरे माणूस सण, स्वयंपाक, मुले आणि पाहुणे सांभाळून घेते आणि धावणाऱ्याला लवकर झोपू देते. नवरा-बायको दोघेही ४२.१९५ किलोमीटर धावणार असतील, तेव्हा ही सोय उरत नाही. पुढील सूचना अशा जोडप्यांसाठी आहेत, ज्यांचा काही महिन्यांचा सराव झाला आहे, लांब पल्ल्याच्या धावा पायाखालून गेल्या आहेत आणि आता फक्त सात दिवस राहिले आहेत.

या सात दिवसांत दमसास वाढत नाही. सरावाचा फायदा शरीरात उतरायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे या आठवड्यात जास्त धावल्याने फक्त थकवा हाती लागतो. विश्रांती, आहार, झोप आणि आधी ठरवून ठेवलेले निर्णय एवढेच आता आपल्या हातात असते. त्यांपैकी निर्णयांकडे जोडप्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सोमवारी बसून ठरवायच्या गोष्टी

सोमवारी रात्री जेवणे झाल्यावर अर्धा तास काढावा आणि रविवारी बरोबर धावायचे की आपापले, हा प्रश्न आधी निकाली काढावा. त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता आकडे मांडून द्यावे. समजा, पत्नीची तयारी साडेचार तासांची आहे आणि पतीची पाच तासांची. साडेचार तासांसाठी किलोमीटरला सरासरी ६ मिनिटे २४ सेकंद लागतात, पाच तासांसाठी ७ मिनिटे ७ सेकंद. किलोमीटरमागे ४३ सेकंदांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु दहा किलोमीटरवर तो सात मिनिटांचा होतो आणि अर्ध्या अंतरावर पंधरा मिनिटांचा. पतीने पहिले पंधरा किलोमीटर पत्नीच्या वेगाने रेटले, तर त्याची वसुली शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, ऊन चढल्यावर, होते. म्हणून बरोबर धावायचे असेल तर वेग नेहमी कमी वेगाच्या जोडीदाराचा ठेवावा, आणि तोही पहिल्या किलोमीटरपासून.

यात एक बारीक गोष्ट आहे. वेगवान जोडीदार नकळत अर्धे पाऊल पुढे धावतो आणि मागचा ते अर्धे पाऊल भरून काढण्यासाठी सतत वेग वाढवत राहतो; दोघांनाही ते लक्षात येत नाही, पण घड्याळात किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद कमी झालेले दिसतात. वेगवान जोडीदाराने ठरवून अर्धे पाऊल मागे राहावे, म्हणजे वेग ठरवण्याचा हक्क ज्याचा आहे त्याच्याकडेच राहतो. या आठवड्यातल्या एखाद्या छोट्या धावेत याचा सराव करून पाहावा.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे: एकाला थांबावे लागले तर दुसऱ्याने काय करायचे? याचे उत्तर तिसाव्या किलोमीटरवर घामाघूम अवस्थेत शोधू नये. दोन प्रकार वेगळे करून ठेवावेत. पायात पेटके येणे, नुसता थकवा, चालत जावेसे वाटणे, असे असेल तर दुसऱ्याने पुढे जायचे की थांबायचे हे दोघांनी आधीच मोकळेपणाने बोलून ठरवावे, आणि पुढे जायचे ठरले असेल तर जाणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये आणि मागे राहणाऱ्याने रुसू नये. परंतु चक्कर, छातीत दुखणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसले तर दोघांनीही तिथेच थांबून जवळच्या स्वयंसेवकाला किंवा वैद्यकीय पथकाला हाक मारावी. तिथे "मी ठीक आहे, तू जा" हे वाक्य ऐकून घ्यायचे नाही, असा शब्द एकमेकांना आधीच द्यावा. असंबद्ध बोलणाऱ्या माणसाला आपण असंबद्ध बोलतो आहोत हे कळत नसते.

आपापले धावायचे ठरले असेल तर भेटीची जागा ठरवावी. मोबाइलवर विसंबून राहू नये. एवढ्या गर्दीत फोन लागत नाही, लागला तर ऐकू येत नाही, आणि अनेकदा बॅटरी संपलेली असते. मुंबई मॅरेथॉनची पूर्ण धाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सुरू होते आणि त्याच परिसरात संपते, त्यामुळे भेटीची जागा अंतिम रेषेच्या कोंडाळ्यापासून थोडी दूर असावी, उदाहरणार्थ धोबी तलावाला मेट्रो सिनेमाच्या चौकातला एखादा ठरलेला कोपरा. "मेट्रोजवळ भेटू" एवढे पुरत नाही. कोणता पदपथ, कोणत्या दुकानासमोर, इथपर्यंत ठरवावे. किती वाजेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतर कुठे चौकशी करायची, हेही त्याच वेळी ठरवावे.

तिसरी गोष्ट बहुतेक जोडप्यांच्या ध्यानातच येत नाही. नावनोंदणीच्या अर्जात आणि बिबच्या, म्हणजे कपड्यावर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागच्या बाजूला आपत्कालीन संपर्काचा क्रमांक लिहायचा असतो, आणि सवयीने नवरा बायकोचा व बायको नवऱ्याचा क्रमांक लिहून मोकळी होते. दोघेही रस्त्यावर धावत असताना हा क्रमांक निरुपयोगी आहे. तिथे भावाचा, बहिणीचा, शेजाऱ्याचा, अशा माणसाचा क्रमांक लिहावा जो त्या दिवशी धावणार नाही, फोन हाताशी ठेवील आणि तासाभरात पोहोचू शकेल. त्या माणसाला दोघांचे बिब क्रमांक, रक्तगट, चालू औषधे आणि ॲलर्जी यांची माहिती आधी पाठवून ठेवावी. घराची एक किल्लीही त्याच्याकडेच द्यावी, म्हणजे धावताना कोणाच्या खिशात किल्ली आहे, हा प्रश्न राहत नाही.

घरकामाची वाटणी याच बैठकीत करावी. हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंत मुदत असते, आणि रथसप्तमी स्पर्धेनंतर येते. २०२५ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२६ मध्ये २५ जानेवारीला. तेव्हा आपल्या घरचे हळदीकुंकू पुढच्या आठवड्यावर ढकलावे आणि दुसऱ्यांकडच्या बोलावण्यांपैकी जवळची तेवढी, बुधवारपर्यंतची, घ्यावीत. संध्याकाळभर उभे राहून वाण देणे, जिने चढणे-उतरणे आणि रात्री उशिरा भांडी आवरणे यांचा थकवा पायांना धावण्याइतकाच लागतो. मुले लहान असतील तर शनिवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे सोय करावी. हे सगळे बायकोने एकटीने फोन करून जमवायचे आणि नवऱ्याने फक्त बूट पुसायचे, असे होता कामा नये. तिलाही तितकेच किलोमीटर धावायचे आहेत.

धावणे किती, कसे

याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नेहमीच्या आठवड्याच्या निम्म्याहून कमी अंतर धावावे. सोमवारी विश्रांती, मंगळवारी सात-आठ किलोमीटर आणि त्यातले मधले तीन स्पर्धेच्या वेगाने, गुरुवारी चार-पाच किलोमीटर हलके आणि शेवटी शंभर-शंभर मीटरच्या चार-पाच मोकळ्या धावा, शुक्रवारी पूर्ण विश्रांती, शनिवारी सकाळी पंधरा-वीस मिनिटे अगदी सावकाश. मंगळवारची धाव जमल्यास पहाटे स्पर्धेच्या वेळी, स्पर्धेच्याच कपड्यांत आणि बुटांत करावी. जिममध्ये पायांचे व्यायाम, किल्ल्यावर चढाई आणि बुधवारनंतर जोरकस मालिश टाळावे.

धावणे कमी झाले की शरीर नको त्या तक्रारी करू लागते. गुडघा हलकासा ठणकतो, पोटरी ओढल्यासारखी वाटते, घसा खवखवतो, आणि एकाच घरात दोन धावपटू असले की एकाची तक्रार ऐकून दुसऱ्यालाही तसेच वाटू लागते. यांतल्या बहुतेक तक्रारी दोन दिवसांत विरतात. चालताना लंगडावे लागत असेल, एका ठरावीक जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल किंवा सूज असेल, तर मात्र गुरुवारपर्यंत डॉक्टरांना दाखवावे.

सणाचे ताट आणि धावपटूचे ताट

मॅरेथॉनमध्ये मुख्य इंधन म्हणजे ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात असलेला साखरेचा साठा, आणि तो भरतो पिष्टमय अन्नाने. क्रीडा-आहारशास्त्रात लांब स्पर्धेआधीच्या ३६ ते ४८ तासांत शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत असे सांगितले जाते. साडेचार-पाच तासांत धावणाऱ्या हौशी माणसाला एवढे पोटात घालणे अनेकदा जड जाते. माझ्या मते ८ ग्रॅमपर्यंत निगुतीने पोहोचले तरी पुष्कळ आहे. शुक्रवार सकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत हे करायचे, आधी नाही.

पत्नीचे वजन ५५ किलो धरले तर तिला दिवसाला ४४० ग्रॅम कर्बोदके लागतात. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत, म्हणजे साधारण १५० ग्रॅम भातात, ती चाळीसच्या आसपास असतात. मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास. सकाळी दोन वाट्या पोहे आणि एक केळे, दुपारी तीन वाट्या मऊ भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी ब्रेडचे तीन काप जॅम लावून आणि एक केळे, रात्री तीन वाट्या दहीभात, एवढे झाले की बेरीज ४४०च्या घरात जाते. पतीचे वजन ७२ किलो असेल तर त्याला ५७५ ग्रॅम लागतात, म्हणजे दोन्ही जेवणांत एकेक वाटी भात जास्त, आणखी एक केळे आणि एक पेला साखरेचे कोकम सरबत. ताटात डाव फिरताना दोघांना सारखे वाढू नये, हे यावरून दिसते.

मात्र उलट चूक अधिक घडते. आपल्याकडे घरातली बाई सर्वांना वाढून झाल्यावर, पातेल्यात उरलेले आणि बहुधा घाईघाईने जेवते. वर्षभर हे चालते आणि कोणाच्या डोळ्यावर येत नाही, पण शुक्रवारी-शनिवारी तिच्या पोटात तीन वाट्यांऐवजी दीड वाटी भात गेला तर रविवारी तिसाव्या किलोमीटरवर तिचे पाय उचलणार नाहीत. त्या दोन दिवसांत दोघांनी एकाच वेळी पानावर बसावे, भांडी मध्ये ठेवावीत, आणि कोण किती जेवले याकडे दुसऱ्याने लक्ष द्यावे.

आता सणाचे पदार्थ. भोगीची मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी यांत चोथा भरपूर असतो. एरवी तो गुण आहे. भोगी सोमवारी, मंगळवारी किंवा बुधवारी येत असेल तर पोटभर खावी; स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांत आली तर चवीपुरतीच. त्या शेवटच्या दोन दिवसांत उसळी, हरभरा, राजमा, कोबी, फ्लॉवर, कच्ची कोशिंबीर आणि भाकरी बाजूला ठेवावी, कारण धावताना पोटात गॅस धरतो आणि वाटेत शौचाची घाई होते. गूळपोळी उलट कामाची आहे: मैदा-कणीक आणि गूळ म्हणजे कर्बोदकेच. फक्त तिच्यावर तुपाची धार आणि सारणात तीळ-बेसन सढळ असेल तर ती पचायला जड होते, म्हणून तूप बेताचे घ्यावे. तिळाचे लाडू आल्यागेल्याकडून हातावर पडत राहतात. तिळात तेल बरेच असते, तेव्हा शनिवारी ते डब्यात ठेवून द्यावेत आणि स्पर्धा झाल्यावर खावेत. साबुदाण्याच्या खिचडीचेही तसेच. साबुदाणा चांगला, पण दाण्याचे कूट आणि तूप यांमुळे ती ज्यांना सवय आहे त्यांनीच खावी. बाहेरची चटणी, उसाचा रस, बर्फ, मासळी यांपासून गुरुवारपासूनच लांब राहावे.

साठलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी शरीरात राहते. त्यामुळे शनिवारी वजनकाट्यावर किलो-दीड किलो जास्त दिसेल आणि अंग जड वाटेल. ते वाढलेले वजन म्हणजे रविवारचे इंधनच आहे, त्यासाठी जेवण कमी करू नये. मधुमेह असणाऱ्यांनी हा सगळा भाग आपल्या डॉक्टरांना विचारूनच अमलात आणावा.

आजार, पाळी आणि गोळ्या

एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघांपैकी एकाला सर्दी झाली की दुसऱ्याला व्हायला वेळ लागत नाही. पहिली शिंक आली त्या रात्रीच वेगवेगळ्या खोल्यांत झोपावे, पाण्याचे भांडे आणि टॉवेल वेगळा ठेवावा. घर लहान असेल तर निदान खिडकी उघडी ठेवून मुखपट्टी वापरावी. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. नुसते नाक वाहत असेल तर बहुधा धावता येते. ताप, अंगदुखी, छातीत भरलेला खोकला किंवा जुलाब असतील तर धावू नये. तापात एवढे अंतर धावण्याने हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते, आणि काही महिन्यांची मेहनत वाया जाईल या भीतीने हा धोका पत्करणे चुकीचे आहे. एक आजारी पडला तर दुसऱ्याने एकट्याने धावावे का, हेही सोमवारच्या बैठकीत बोलून ठेवावे; माझे उत्तर बहुतेक वेळा "धावावे" असे आहे, अर्थात घरी राहणाऱ्याजवळ कोणी तरी असेल तर.

पाळीची तारीख याच आठवड्यात येत असेल तर शेवटच्या क्षणी पाळी लांबवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. पाळीतही मॅरेथॉन धावता येते. लांब धावांत जे वापरले तेच वापरावे, पॅड असो वा कप, आणि एक जास्तीचा पॅड छोट्या पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवावा. पत्नीच्या पट्ट्यात जागा नसेल आणि बरोबर धावणार असाल तर तो पतीच्या पट्ट्यात ठेवण्यात संकोच कसला?

वेदनाशामक गोळ्यांविषयी ठामपणे सांगावेसे वाटते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या स्पर्धेआधी किंवा स्पर्धेदरम्यान घेऊ नयेत. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या रविवारी कधी घ्यायच्या, हे डॉक्टरांना आठवड्याच्या सुरुवातीलाच विचारावे. दमा असेल तर इनहेलर बरोबर हवाच. हिवाळ्यात मुंबईची हवा अनेक दिवस धुरकट असते.

पाणी जास्त पिण्यानेही माणूस दगावू शकतो, हे अजून पुरेसे लोकांना माहीत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा सुमारे १३ टक्के लोकांच्या रक्तातील सोडियम, म्हणजे जास्त पाण्याने पातळ होणारा क्षार, सामान्य पातळीखाली गेले होते, आणि धावताना वजन वाढलेले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायलेले, तसेच चार तासांहून जास्त वेळ रस्त्यावर असलेले धावपटू त्यांत अधिक होते. म्हणून "प्रत्येक टेबलावर दोन पेले" असा नियम दोघांनी मिळून करू नये. तहान लागेल तसे घोट घोट प्यावे. लहान चणीच्या आणि सावकाश धावणाऱ्या जोडीदाराला दुसऱ्यापेक्षा कमी पाणी लागते. ओआरएसची पुडी वापरणार असाल तर पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ती पूर्ण विरघळवावी, अंदाजाने अर्धी टाकू नये.

बिब आणि प्रवास

बिबचे वाटप स्पर्धेआधीच्या काही दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलात होत आले आहे, आणि रविवारी सकाळी बिब मिळत नाही. ओळखपत्र आणि नोंदणीची पावती दोघांनीही आपापली घ्यावी; एकाने दुसऱ्याचे आणता येईल असे गृहीत धरू नये, आयोजकांचा ईमेल वाचावा. मुंबईकरांनी शुक्रवार सकाळपर्यंत जाऊन यावे. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी शक्यतो शुक्रवारीच मुंबईत पोहोचावे आणि शनिवारी सकाळी लवकर बिब घेऊन दुपारच्या आत मुक्कामी परतावे. तिथल्या प्रदर्शनात बूट, जेल (धावताना खायच्या गोड, दाट द्रवाच्या पुड्या) आणि कपडे स्वस्तात मिळतात. ते विकत घ्यावेत, पण रविवारी वापरू नयेत. एरवी तासभर धावतानाही न टोचणारा नवा मोजा वीस किलोमीटरनंतर फोड आणतो.

मुक्कामाचे ठिकाण फोर्ट, चर्चगेट, गिरगाव किंवा दादरच्या आसपास असेल तर पहाटेची काळजी निम्मी होते. उपनगरात राहणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत पश्चिम आणि मध्य रेल्वेने स्पर्धेच्या पहाटे खास लोकल सोडल्या आहेत. त्यांच्या वेळा त्या आठवड्यातच जाहीर होतात, तेव्हा गुरुवार-शुक्रवारी बातम्यांवर लक्ष ठेवावे. स्वतःची गाडी नेऊ नये, रस्ते बंद असतात.

मार्गाचा नकाशाही याच वेळी पाहावा. मार्गात वेळोवेळी बदल होतात, म्हणून जुन्या धावपटूंच्या आठवणींऐवजी चालू वर्षाचा नकाशा घ्यावा. मरीन ड्राइव्ह, वरळी, सागरी सेतू, माहीम हे टप्पे जुन्या मार्गांत येत आले आहेत, आणि परतीच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ तर धावपटूंच्या बोलण्यात नेहमी येतो. तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, ऊन लागू लागल्यावर येत असल्यामुळे अवघड वाटतो. तिथे घड्याळाकडे न पाहता श्वासाच्या लयीवर धावावे, गरज पडल्यास चालावे. मुंबईत त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, म्हणजे पहाटे पाचला निघालेल्यांना पहिले दोन तास अंधार आणि गारवा मिळतो. तोच गारवा जास्त वेगाला फूस देतो. पहिले पाच किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद सावकाश धावावेत, आणि बरोबर असाल तर हे एकमेकांना मोठ्याने आठवण करून द्यावे.

शनिवार संध्याकाळ आणि रविवार पहाट

झोपेच्या बाबतीत शुक्रवारची रात्र शनिवारच्या रात्रीपेक्षा महत्त्वाची आहे. शनिवारी रात्री बहुतेकांना नीट झोप लागत नाही, आणि एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने फारसे बिघडत नाही. रविवारी अडीचला उठायचे असेल तर सोमवारपासून रोज पंधरा-वीस मिनिटे लवकर अंथरुणात जावे आणि शुक्रवारी दोघांनीही साडेनऊला दिवा घालवावा. बूट आठवड्यात नवे घेऊ नयेत, हे सांगायला नकोच. पायाची नखे बुधवारी कापावीत; शनिवारी कापली तर एखादे खोल कापले गेल्यास बरे व्हायला वेळ राहत नाही.

शनिवारी संध्याकाळी सातच्या आत जेवून दोघांनी दोन वेगळ्या खुर्च्यांवर आपापले सामान मांडावे. बिब लावायचे काम एकमेकांचे करावे, ते सोपे जाते. बनियन अंगात घालून जोडीदाराने समोर उभे राहावे. बिब बेंबीच्या किंचित वर, पोटावर येईल असे धरावे. आधी वरच्या दोन सेफ्टी पिना लावाव्यात, मग त्याला हात वर करून दीर्घ श्वास घ्यायला सांगावे, आणि कापड कुठे ओढले जात नाही हे पाहून खालच्या दोन लावाव्यात. पिनेचे टोक कापडाच्या आतून बाहेर आलेले नाही ना, हे आतून बोट फिरवून तपासावे. टायमिंगची चिप बिबच्या मागे असेल तर बिबला घडी घालू नये. दोघांचे बिब अदलाबदल झाले तर निकालात एकाची वेळ दुसऱ्याच्या नावावर जाते, आणि त्याहून गंभीर म्हणजे वैद्यकीय मदतीच्या वेळी चुकीचा रक्तगट पुढे येतो. तेव्हा नाव वाचूनच पिन टोचावी.

घासल्याने होणाऱ्या जखमांसाठी मांड्या, काखा आणि पायाची बोटे यांना व्हॅसलिन लावायचे असते. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी आणि स्त्रियांनी स्पोर्ट्‌स ब्राच्या कडेखाली, विशेषतः पाठीवर जिथे स्वतःचा हात पोहोचत नाही तिथे, नीट लावून घ्यावे. जेल किंवा खजूर, जे सरावात वापरले तेच, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळतील इतके मोजून दोघांच्या पट्ट्यांत वेगवेगळे ठेवावे. सगळे एकाच्याच पट्ट्यात ठेवले आणि वाटेत चुकामूक झाली, तर दुसरा उपाशी राहतो.

पहाटे उठल्यावर कोमट पाणी आणि नेहमीचा चहा घ्यावा. रोज चहा पिणाऱ्याने त्या दिवशी तो सोडू नये. तीनच्या सुमारास खाणे उरकावे: जॅम-ब्रेड, केळे, इडली, रव्याची पातळ खीर, जे लांब धावांआधी पोटाला मानवले असेल ते. घरात शौचालय एकच असेल तर दोघांनी उठण्याच्या वेळेत वीस मिनिटांचे अंतर ठेवावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण त्या पहाटे घरातली चिडचिड बहुधा तिथेच सुरू होते. मैदानावर पोहोचल्यावर आधी शौचालयाच्या रांगेत लागावे, मग सामान जमा करावे. बिबवर छापलेला, सुरुवातीला उभे राहण्याचा विभाग दोघांचा वेगळा असेल आणि बरोबर धावायचे असेल, तर पुढच्या विभागातल्याने मागे जावे. पुढे घुसू देत नाहीत, आणि देऊही नये.

जमा करायच्या पिशवीत शनिवारीच ठेवायच्या वस्तू अशा: कोरडा शर्ट, चपला, थोडे रोख पैसे, साखर-मिठाचे काही खाणे आणि डब्यातले ते तिळाचे लाडू. फ्रीजमध्ये दोघांना पुरेल इतका दहीभात आणि उकडलेले बटाटे ठेवून निघावे, कारण परत आल्यावर गॅससमोर उभे राहण्याची ताकद दोघांतही नसते. सोमवारची रजा दोघांनीही काढावी. एकानेच काढली तर जिना उतरून दूध आणायचे, मुलांना शाळेत सोडायचे आणि डबे भरायचे काम आखडलेल्या पायांच्या त्या एकाच माणसावर पडते. ते टाळण्यासाठी रजेचा अर्ज याच आठवड्यात, बुधवारपर्यंत, द्यावा.